मृत्युदंडाच्या पद्धतींवरची ध्वनिव्याख्यानमाला : जरूर ऐका

मी फौजदारी वकील. शिक्षेची कलमं तोंडपाठ, पण फाशीच्या दोराची लांबी कैद्याच्या वजनावरून ठरते, हे कधी नीट समजून घेतलं नव्हतं. गुदमरून नव्हे तर मान मोडून तत्काळ मृत्यू यावा, म्हणून विल्यम मारवुड या जल्लादाने १८७२ पासून इंग्लंडमध्ये ही पद्धत रूढ केली. हा भाग मी दोनदा ऐकला.

गिलोटिनचा, म्हणजे फ्रान्समधल्या शिरच्छेदाच्या यंत्राचा, भाग सर्वांत सरस. आराखडा डॉक्टर आंत्वान लुई यांचा, पहिलं यंत्र बांधलं टोबियास श्मिट या वाद्यं बनवणाऱ्याने. डॉक्टर गिलोटिन यांनी फक्त सर्वांना सारखी, वेदनारहित शिक्षा मागितली होती. नाव मात्र त्यांचंच चिकटलं. १७९२ ला सुरू झालेलं हे यंत्र १९७७ पर्यंत चाललं. माझी आई तेव्हा कॉलेजात होती!

खटकलं ते पुढे. १८९० मध्ये पहिल्या विद्युत खुर्चीत विल्यम केमलर या कैद्याला दोनदा विजेचा झटका द्यावा लागला. फाशीपेक्षा दयाळू म्हणून आणलेली पद्धत ही, आणि निवेदक ते एका वाक्यात उरकतो. मला फार वाईट वाटलं. १९८२ मधलं टेक्ससचं मृत्युदंडाचं पहिलं विषारी इंजेक्शनही असंच घाईत. तरी घ्या, एका बैठकीत एकच भाग ऐका.