ह्यांच्या छातीतला लूप रेकॉर्डर: आठ महिन्यांचा अनुभव

सकाळी चहा पिताना ह्यांच्या हातातून बशी निसटली आणि तोंडातून शब्द फुटेना. वेळेत दवाखाना गाठला म्हणून बोलणं परत आलं. पण मेंदूत गुठळी आली कुठून, ते कळेना. मानेच्या रक्तवाहिन्या साफ, इको चांगला, चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टरही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काका, हृदयाचे ठोके बिघडले की तिथे गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. पण ठोके महिन्यातून एखाद्या रात्रीच बिघडत असतील तर एका दिवसात ते सापडायचे कसे?"

म्हणून हृदयाचे ठोके सतत नोंदवणारा लूप रेकॉर्डर बसवला. छातीवर डावीकडे तेवढीच जागा बधिर करून, सेंटिमीटरभर चीर देऊन कातडीखाली सरकवला. हात फिरवला की पाटीवरच्या पेन्सिलीच्या तुकड्यासारखा लागतो. दोन आठवडे डाव्या कुशीवर झोपणं जड गेलं, इतकंच.

नोंदी रात्री पलंगाजवळच्या डबीकडे जातात, तिथून मोबाइल नेटवर्कने दवाखान्यात. डबी जवळच हवी, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली होती, बारा दिवस काही गेलं नाही. नोंदी आत साठलेल्या होत्या म्हणून निभावलं.

खरा मनस्ताप खोट्या इशाऱ्याचा. दुसऱ्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, "एएफ दिसतंय." एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, तेच ते ठोके बिघडणं. सोमवारी डॉक्टरांनी आलेख पाहिला तर नुसते एक्स्ट्रा ठोके. त्या तीन रात्री मी ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवून जागून काढल्या. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय असा फोन घरी येताच कामा नये.

आणि हे यंत्र फक्त पाहतं, पक्षाघाताचा अटॅक थोपवत नाही. तोवर गोळी क्लोपिडोग्रेलचीच. रक्त पातळ करणारी जोरकस गोळी आधीच का नाही, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, एका अभ्यासात एएफ सापडलेलं नसताना पेशंटना रिव्हारोक्साबॅन ही तशी गोळी देऊन पाहिली होती. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले: पुन्हा अटॅक येणं कमी झालं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. धीर द्यायला डॉक्टरांनी २०१४च्या क्रिस्टल-एएफ अभ्यासाचे आकडे सांगितले. ४४१ पेशंट, तीन वर्षांत रेकॉर्डरवाल्यांपैकी ३० टक्के जणांना एएफ सापडलं, नेहमीच्या तपासण्यांनी ३ टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांना सापडतच नाही, हेही मनाशी धरूनच बसवा.

पाचव्या महिन्यात पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी एएफ सुरू झालं ते पावणेदोन तास चाललं. ह्यांना काही जाणवलं नाही. मी शेजारीच झोपले होते, मलाही नाही. ह्या वेळी फोन डॉक्टरांचाच होता. क्लोपिडोग्रेल बंद, रक्त पातळ करणारी जोरकस गोळी सुरू: अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, सकाळी आठ आणि रात्री आठ.

रेकॉर्डर अजून आतच आहे, बॅटरी तीनेक वर्षं पुरते म्हणतात. डबी आता माझ्या उशाशी आहे, इन्व्हर्टरच्या लाइनवर.