काँगोचा उलटा मासा की टांगानिकाचा ठिपकेवाला?
घरच्या मत्स्यटाकीसाठी यांतला कोणता? दोघेही सायनोडॉन्टिस, म्हणजे आफ्रिकेतल्या मिशीवाल्या माशांच्या एकाच कुळीतले, दोघांनाही मिशा. साम्य इथेच संपतं. काँगो खोऱ्यातला उलटा मासा पोट वर करून पोहतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपतो. म्हणून तर त्याचं पोट पाठीपेक्षा गडद! जेमतेम 10 सेंमीचा, गरीब स्वभावाचा. नवख्याने डोळे झाकून हाच घ्यावा, फक्त चार-पाच एकत्र.

टांगानिका सरोवरातल्या ठिपकेवाल्याला क्षारयुक्त जड पाणी लागतं, पण करामत त्याचीच भारी. याच सरोवरातल्या सिक्लिड या दुसऱ्या जातीच्या माशाची मादी अंडी तोंडात सांभाळते. हा जोडीने येऊन त्यांत आपली अंडी घुसडतो. मादी ती अंडीही तोंडात उचलते. ठिपकेवाल्याची पिल्लं अंड्यांतून आधी बाहेर पडतात आणि तिची पिल्लं तिच्याच तोंडात फस्त करतात. कोकिळा परवडली! सिक्लिड आधीपासून पाळत असाल, तरच याच्या वाटेला जा.