व्हिएन्ना आणि म्युनिकच्या मधे चार रात्री रिकाम्या: बुडापेस्ट, साल्झबुर्ग, ल्युब्लियाना की आहात तिथंच?

एकट्यानं युरोप करताना प्लॅनमधे कुठंतरी गॅप पडतोच. कुणी मधे भेटणार असतं ते रद्द होतं, स्वित्झर्लंडचे आकडे बघून तो भाग गळतो, किंवा परतीचं तिकीट दोन-चार दिवस पुढचं घेतलं की एकदम स्वस्त मिळतं. यातली कायम विचारली जाणारी केस घेते, व्हिएन्ना बघून झालंय, विमान म्युनिकहून आहे आणि मधल्या चार रात्रींचं काय करायचं ते ठरलेलं नाही. चार पर्याय खरंच चांगले आहेत आणि चारही एकमेकांपेक्षा खूप वेगळे आहेत, त्यामुळं "सगळंच छान आहे, कुठंही जा" या उत्तराचा काही उपयोग नाही.

माझं ठाम मत आधीच सांगते. एकट्या माणसानं रिकामे दिवस भरताना दिवसाचा विचार करूच नये, संध्याकाळचा करावा. दिवस कुठंही भरतो हो, एक किल्ला, एक म्युझियम, थोडं चालणं, की वाजले चार. खरा प्रश्न संध्याकाळी साडेपाच ते दहाचा असतो, तेव्हा बाकीचे जोडीनं नाहीतर ग्रुपनं जेवायला बसलेले असतात आणि आपण रूमवर जाऊन फोन बघत बसतो. सोबत कुणी असतं तेव्हा ही वेळ आपोआप जाते, एकट्यानं ती जागा नीट निवडली तरच जाते. म्हणून खाली मी प्रत्येक शहर संध्याकाळवरूनच तोललंय, प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून नाही.

त्याआधी दोन हिशोब. चार रात्री म्हणजे पूर्ण दिवस तीनच, जायचा आणि यायचा दिवस अर्धा-अर्धा जातो. यात दोन शहरं बसवायला गेलात तर दोनदा चेक-आऊट, दोनदा बॅग लॉकरमधे, दोनदा नवीन ट्रामचं तिकीट समजून घेणं, आणि एकट्याला हे सगळं स्वतःच करायचं असतं, बॅगेजवळ उभं राहायला दुसरं कुणी नसतं. चार रात्री एकच पलंग, हे धरून चाला. दुसरं व्हिसाचं. ऑस्ट्रिया, हंगेरी, स्लोव्हेनिया (ल्युब्लियाना इथलंच), जर्मनी चारही शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहेत, त्यामुळं इथं काही अडचण नाही. पण बुडापेस्टला पोचल्यावर बेलग्रेड जवळ दिसायला लागतं, ल्युब्लियानाहून बॉस्निया खुणावतं, आणि ते दोन्ही शेंगेनच्या बाहेर आहेत. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर बाहेर पडलात की परत आत येता येत नाही आणि तुमचं विमान आतून आहे. क्रोएशिया मात्र 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमधेही आहे आणि युरोमधेही, तिकडं जायला हरकत नाही. व्हिसाच्या स्टिकरवर किती दिवस राहायची परवानगी आहे तो आकडाही एकदा बघून घ्या, तारखा लांब असतात आणि दिवस कमी असतात असं बऱ्याचदा असतं.

बुडापेस्ट

व्हिएन्नाहून थेट रेलजेट ही फास्ट ट्रेन, पावणेतीन तासांच्या आत केलेती स्टेशन. संध्याकाळ हा निकष लावला तर या चौघांत बुडापेस्टच्या जवळपासही कुणी येत नाही, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे गरम पाण्याचे बाथ. सेचेनी बाथ 1913 पासून चालू आहे, बाहेर उघड्यावर मोठाले तलाव, थंडीत पाण्यावर वाफ, आणि पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणारी म्हातारी माणसं. तिथं एकटं असणं कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही कारण पाण्यात बसलेला प्रत्येक माणूस नुसता बसलेलाच असतो. दुपारी साडेचारच्या सुमाराला जा, दोन-तीन तास कुठं गेले कळत नाही, नंतर भूक सणसणीत लागते आणि जेवून झोप. स्वतःचा टॉवेल आणि स्लीपर बरोबर न्या, भाड्यानं घ्यायला गेलात तर उगाच पैसे जातात. पोहायच्या तलावात टोपी लागते, गरम पाण्याच्या तलावात लागत नाही.

बाथ झाला एक दिवस, दुसऱ्या संध्याकाळी 2 नंबरची ट्राम. ती डॅन्यूबच्या पेस्टच्या काठानं जाते, संसद, साखळी पूल, पलीकडं बुडाचा राजवाडा, सगळं दिवे लागल्यावर खिडकीतून दिसतं, तेही साध्या ट्रामच्या तिकिटात. क्रूझवर एकट्यानं टेबल धरून बसण्यापेक्षा मला हे कधीही बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी ऑपेरा हाऊसचं नाहीतर लिस्ट अकादमी या संगीत सभागृहाचं तिकीट बघा, वरच्या मजल्यावरच्या सीट व्हिएन्नाच्या मानानं खूप परवडतात. शिवाय सातव्या डिस्ट्रिक्टमधे जुन्या पडक्या इमारतींमधले बार आहेत, वीकेंडला तिथं फार गर्दी आणि मोठमोठे ग्रुप असतात, एकट्यानं जायचं तर आठवड्याच्या मधे आणि लवकर.

आता अडचणी. हंगेरीत युरो नाही, फोरिंट आहे. कार्ड जवळपास सगळीकडं चालतं पण एटीएमवर किंवा कार्ड मशीनवर "तुमच्या चलनात पैसे घेऊ का" असं विचारलं तर कायम नको म्हणा आणि फोरिंटच निवडा, त्या दुसऱ्या बटणाचा रेट वाईट असतो. कागदी तिकीट काढलंत तर मेट्रोत शिरताना ते मशीनमधे पंच करावंच लागतं, चेकर खालीच उभे असतात आणि टुरिस्ट म्हणून सोडत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बुडापेस्ट उलट्या दिशेला आहे. म्युनिकला थेट ट्रेन आहे पण सात तासांच्या आसपास लागतात, म्हणजे शेवटचा दिवस ट्रेनमधेच. 20 ऑगस्टला त्यांचा राष्ट्रीय दिन असतो, आतषबाजी असते, तेव्हा ऐनवेळी स्वस्तात खोली मिळेल ही आशा ठेवू नका.

साल्झबुर्ग

नकाशावर सगळ्यात शहाणा पर्याय हाच. व्हिएन्नाहून अडीच तास, पुढं म्युनिकला दोन तासांच्या आत, एक किलोमीटरसुद्धा वाया जात नाही. तिकिटांचंही सोपं आहे. बायर्न तिकीट, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं ट्रेनचं तिकीट, साल्झबुर्ग स्टेशनपासून चालतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, रिजनल ट्रेनमधे, आणि त्याची किंमत आदल्या रात्री काढा की महिनाभर आधी, तीच असते. ज्याचा प्लॅनच ठरलेला नाही त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे, कारण फास्ट ट्रेनची स्वस्त तिकिटं जसजशी संपतात तसतसे भाव चढतात.

दिवसा इथं आजूबाजूलाच करायला भरपूर. 2025 पासून साल्झबुर्ग राज्यात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना राज्यातल्या बस-ट्रेनसाठी गेस्ट मोबिलिटी तिकीट मिळतं, चेक-इन करतानाच मागून घ्या. त्यावर 150 नंबरच्या बसनं झांक्ट गिल्गेनला जाता येतं, वोल्फगांगझे तलावाच्या काठी, मोझार्टच्या आईचं जन्मगाव. तिथून बोटीनं पलीकडं गेलात की शाफबर्ग डोंगरावर चढणारी दातेरी रुळांची रेल्वे आहे, 1893 सालची, उन्हाळ्याच्या सीझनमधे चालते. लोक याच्याऐवजी हालश्टाटला पळतात. हालश्टाट सुंदर आहेच, पण आठशेच्या आत वस्ती असलेल्या गावात दिवसाला बसच्या बस रिकाम्या होतात, साल्झबुर्गहून ये-जा करायची तर बस, मग ट्रेन, मग स्टेशनसमोरून होडी, आणि तिथं दुपारी बारा वाजता फक्त फोटो काढणारी गर्दी भेटते. एका दिवसासाठी गिल्गेन आणि शाफबर्ग जास्त देऊन जातं. दुसऱ्या दिवशी 840 नंबरच्या बसनं बेर्ख्तेसगाडेन आणि पुढं क्योनिगझे, विजेवर चालणाऱ्या बोटी, त्या 1909 पासून आहेत, म्हणून तलावावर इंजिनाचा आवाज नसतो. हा भाग जर्मनीत येतो, पासपोर्ट खिशात ठेवा.

संध्याकाळ मात्र कमजोर. दिवसभराचे पर्यटक साडेपाचला परत गेले की गेट्रायडेगासे या मुख्य बाजाररस्त्याची दुकानं बंद आणि जुनं शहर शांत. किल्ल्यावर आणि मिराबेल पॅलेसमधे छोट्या कॉन्सर्ट असतात, चांगल्या असतात, पण महाग. एक जागा मी एकट्या माणसाला डोळे झाकून सांगेन, म्युल्नमधलं ऑगस्टिनर ब्रॉय, 1621 पासूनची ब्रुअरी, चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब बाकं. आपला दगडी मग आपणच उचलून धुवायचा, भरून आणायचा आणि कुणाच्याही शेजारी जागा असेल तिथं बसायचं. तिथं रिझर्व्हेशन विचारणारा वेटर नाही आणि "एकच जण का" हा चेहराही नाही. बिअर घेत नसाल तरी जाऊन बसावं अशी जागा आहे. पण तीन संध्याकाळी तिथंच जाणार का, हा प्रश्न राहतोच.

पाऊसही लक्षात घ्या, साल्झबुर्गला आल्प्सच्या तोंडाशी असल्यानं सलग बारीक पाऊस लागतो आणि मग डोंगर-तलाव सगळंच ढगात. मधल्या जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंत साल्झबुर्ग फेस्टिव्हल असतो, 1920 पासूनचा, त्या काळात सिंगल रूमचे भाव बघून तुम्ही स्वतःच दुसरा पर्याय घ्याल.

ल्युब्लियाना

हे त्याच्यासाठी ज्याला मोठमोठ्या राजवाड्यांचा आता कंटाळा आलाय. व्हिएन्नाहून थेट ट्रेनला साधारण सहा तास लागतात, पण ती सेमरिंगच्या घाटातून जाते, 1854 ची रेल्वे, दगडी कमानींचे पूल, जागतिक वारशात आहे. तिथून म्युनिकला जाणारी ट्रेनही आल्प्समधून, फिलाख, बाड गास्टाइन, साल्झबुर्ग अशी सहा-साडेसहा तासांची. म्हणजे दोन दिवस ट्रेनमधे जातात हे खरं, पण हे दोन प्रवास मी वाया गेलेल्या वेळात धरत नाही. ज्यांना खिडकीशी बसून राहायला आवडत नाही त्यांनी मात्र हा पर्याय इथंच सोडून द्यावा. या मार्गावर रुळांची कामं अधूनमधून निघतात आणि मधला तुकडा बसनं करावा लागतो, बुक करायच्या आधी ऑस्ट्रियन रेल्वेच्या ॲपवर नेमकी त्या तारखेची गाडी बघा.

शहर एवढंसं आहे, मध्यभागात गाड्यांना बंदी, नदीच्या दोन्ही काठांना कॅफेची टेबलं. इथली संध्याकाळ म्हणजे नदीकाठी बसणं, एवढंच, आणि उन्हाळ्यात ते पुरतं कारण गावातली माणसंही तेच करत असतात. मार्च ते ऑक्टोबर शुक्रवारी, हवा चांगली असेल तर, मार्केटच्या चौकात ओद्प्र्ता कुह्ना म्हणून खाण्याचे स्टॉल लागतात, उभ्यानं खायचं, एकट्याला याहून सोयीचं जेवण नाही. ओळखी व्हाव्यात असं वाटत असेल तर हॉस्टेल ट्सेलित्सा बघा, जुन्या लष्करी तुरुंगाचं हॉस्टेल केलंय. हिवाळ्यात मात्र काठ ओस पडतो आणि धुकं बसतं, नोव्हेंबर-जानेवारीत मी इथं एकट्या माणसाला पाठवणार नाही.

दिवसा ब्लेड तलावाला बसनं सव्वा तास. बेटावर जायची प्लेत्ना होडी माणशी तिकिटावर असते पण पुरेसे लोक जमले की निघते, आणि स्वतः वल्हवायची होडी घ्यायची तर पूर्ण होडीचं भाडं एकट्यावर, त्यामुळं प्लेत्नाच परवडते. वरची 99 पायऱ्यांची चढण किरकोळ आहे. पण जमलं तर त्याच रस्त्यानं पुढं बोहिन्यला जाच, मोठा तलाव, त्रिग्लाव नॅशनल पार्कमधे, गर्दी कमी. पाऊस असेल तर श्कोत्सियानच्या गुहा, 1986 पासून जागतिक वारसा, आत बाराच्या आसपास डिग्री असते, जॅकेट लागतंच. साल्झबुर्गला पावसाचा दिवस बुडतो, इथं बुडत नाही.

आहात तिथंच, व्हिएन्नात

याला कुणी पर्याय म्हणूनच धरत नाही आणि मला तेच पटत नाही. आधीच आठ-दहा दिवस पळून झालेले असतील, पाय दुखत असतील, कपडे धुवायचे राहिले असतील, तर आहे तोच पलंग चार रात्री वाढवा. कॅफेत एकट्यानं एक कॉफी घेऊन दोन तास पेपर वाचत बसणं हा इथल्या लोकांचाच रिवाज आहे, कुणी उठवायला येत नाही. स्टेट ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं अगदी थोड्या युरोंत मिळतात, तिथं रांगेतच गप्पा सुरू होतात, फक्त जुलै-ऑगस्टमधे ऑपेरा बंद. गुरुवारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम रात्री नऊपर्यंत उघडं. दिवसा ब्रातिस्लाव्हा तासाभरात, किंवा मेल्कचा मठ आणि तिथून क्रेम्सपर्यंत डॅन्यूबच्या वाखाऊ खोऱ्यातली बोट. म्युनिकला थेट ट्रेन चार-सव्वाचार तासांत. कमी पडतं ते एकच, नवं काही बघितल्याचं समाधान.

आता समोरासमोर

पैशांचं बघितलं तर राहणं-खाणं बुडापेस्टला सगळ्यात स्वस्त, साल्झबुर्ग सगळ्यात महाग, पण प्रवासात साल्झबुर्ग आणि व्हिएन्ना इतके वाचवतात की चार रात्रींचा फरक वाटतो तेवढा राहत नाही. रविवार मधे येत असेल तर जपून, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात दुकानं, सुपरमार्केट बहुतेक बंद असतात, बुडापेस्टला चालू. हवामान बघा आणि पुढचे तीन दिवस ऊन दिसत असेल तर साल्झबुर्ग नाहीतर ल्युब्लियाना, पाऊस दिसत असेल तर बुडापेस्ट, तिथं पावसात गरम पाण्यात बसायला उलट मजा येते.

एकटेपणा जाणवायला लागलाय असं वाटत असेल तर बुडापेस्ट, बाकी काही बघू नका, ते सात तास सोसा. एकटं राहणं आवडतंय आणि अजून हवंय, तर मे ते सप्टेंबर ल्युब्लियाना. थकलात तर व्हिएन्ना. साल्झबुर्ग मी त्यांनाच सांगेन जे सकाळी सहाला उठून डोंगरात जातात आणि नऊला झोपतात, कारण त्यांना संध्याकाळच नको असते.

म्युनिकची शेवटची रात्र वेगळी धरा. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऑक्टोबरफेस्ट असतो आणि खोल्यांचे भाव कुठल्या कुठं जातात, तेव्हा विमान दुपारनंतरचं असेल तर साल्झबुर्गहून सकाळी निघणं जमतं. पण सीमेवर फ्रायलासिंगला पोलीस गाडीत चढून पासपोर्ट बघतात, गाडी अडते, आणि म्युनिक स्टेशनपासून विमानतळ एस-बान या लोकल ट्रेननं अजून चाळीस मिनिटं, म्हणून एक आधीची गाडी धरा. सकाळचं विमान असेल तर कितीही महाग पडो, शेवटची रात्र म्युनिकलाच.