ई-सीओओ २.०: दुबईच्या शुल्कसवलतीचा कागद आता कितपत सोपा?

डीजीएफटीचं (विदेश व्यापार महासंचालनालयाचं) ई-सीओओ २.० हे उत्पत्ती प्रमाणपत्राचं, म्हणजे माल कोणत्या देशात तयार झाला हे दाखवणाऱ्या कागदाचं, नवं पोर्टल डिसेंबर २०२४ मध्ये आलं. करार असलेल्या देशात आयात शुल्काची सवलत याच कागदावर मिळते. एकाच आयईसीवर (आयात-निर्यात क्रमांकावर) ऑफिसातल्या अनेकांना लॉगिन मिळतं, डिजिटल सहीचं टोकन नसेल तर आधारवर ई-सही चालते आणि चुकलेल्या प्रमाणपत्राच्या बदल्यात दुसरं मागता येतं. ही शेवटची सोय फार मोलाची आहे.

या कागदाचं वजन वाढलं ते धोरण बदलल्यामुळे. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारताने आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या अनेक देशांच्या सामायिक व्यापार कराराकडे पाठ फिरवली आणि पुढे एकेका देशाशी वेगळे करार केले: यूएईचा १ मे २०२२ पासून लागू, ऑस्ट्रेलियाचा २९ डिसेंबर २०२२ पासून. प्रत्येक कराराचे उत्पत्तीचे नियम निराळे. त्यामुळे अर्जात करार निवडतानाच एचएस कोड (वस्तूच्या वर्गीकरणाचा आकडा) आणि त्या वस्तूचा नियम पडताळून घ्या. एका कराराचा निकष दुसऱ्याच्या अर्जात चिकटवला की गाडी तिथेच अडते.

नाशिकच्या द्राक्षांना फारसा हिशेब नाही, माल पूर्णपणे इथेच पिकलेला. खरी कसोटी कारखान्याच्या मालाची. यूएई करारात बऱ्याच वस्तूंना ४० टक्के मूल्यवर्धन, म्हणजे किमतीतला इथला वाटा, लागतं, शिवाय बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा सहा अंकी एचएस कोड वेगळा असावा लागतो. एफओबी किंमत (जहाजावर चढवेपर्यंतची मालाची किंमत) १,००० रुपये आणि बाहेरच्या देशातला कच्चा माल ६२० रुपयांचा असेल, तर मूल्यवर्धन ३८ टक्के, सवलत गेली. तोच माल ५९० रुपयांत बसला तर ४१ टक्के. रुपया घसरला की आयात कच्चा माल महागतो आणि काठावरचा माल नापास होऊ शकतो, म्हणून कॉस्ट शीट (खर्चाचा तक्ता) जुनी वापरू नका. दुसऱ्याचा माल विकत घेऊन पाठवणाऱ्या व्यापारी निर्यातदारांनी ती उत्पादकाकडून ऑर्डर देतानाच मागून ठेवावी. जहाज लागल्यावर कोणी आपली किंमत उघड करत नाही.

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलातलं वर्णन, वजन, कोड शब्दशः जुळू द्या. यूएईत साधारण ५ टक्के शुल्क वाचतं, म्हणजे ४० लाखांच्या मालावर २ लाखांच्या आसपास. एवढ्यासाठी हे पोर्टल जरूर वापरावं, पण एजंटवर सगळं सोडून नाही.

उलट, दुबईहून भारतात माल आणणाऱ्यांना सवलतीसाठी नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. कॅरोटार २०२० या सीमाशुल्क नियमांनुसार उत्पत्तीची माहिती आयातदाराकडेच हवी आणि ती ५ वर्षं जपावी लागते.