फोटोच्या प्रिंट विकायच्या: साइटवर टाकाव्यात की आपणच लॅबमधून काढून पाठवाव्यात?

आमच्या फोटोवाल्या मित्रांमध्ये पावसाळा संपत आला की हा विषय निघतोच. वारी झालेली असते, कासच्या चार फेऱ्या झालेल्या असतात, हार्ड डिस्क भरलेली असते आणि कोणीतरी म्हणतं की यातल्या पाच-सहा प्रिंट विकल्या तर निदान लेन्सचे पैसे तरी सुटतील. मी दोन्ही करून बघितलंय. आधी दोन वर्षं प्रिंट-ऑन-डिमांडवाल्या, म्हणजे ऑर्डर आली की मगच छापून पाठवणाऱ्या साइटवर होतो, आणि आता दीड वर्ष झालं स्वतःच विकतोय, म्हणजे पुण्यातल्या लॅबमधून प्रिंट काढायची, साताऱ्याला घरी आणून पॅक करायची आणि पोस्टात नेऊन द्यायची. बाकीच्यांचा अनुभव वेगळा असेल, माझा सांगतो.

साइटची सोय खरंच मोठी आहे. फाइल अपलोड केली, आपला नफा किती ते टाकलं की छापणं, पॅकिंग, पाठवणं, पैसे घेणं, परत आली तर परत घेणं सगळं त्यांचं. नोकरी सांभाळून करणाऱ्याला हे फार बरं वाटतं. मला पहिली ऑर्डर आली तेव्हा मी गाढ झोपेत होतो, सकाळी मेल बघितला, खूप आनंद झाला. गुंतवणूक म्हणाल तर शून्य, नाही विकली तर आपलं काही जात नाही.

पण दोन वर्षांत विकल्या गेल्या अकरा. त्यातल्या निम्म्या तरी मीच ओळखीच्यांना लिंक पाठवून विकल्या होत्या. साइटवर लाखो फोटो असतात, तिथे सह्याद्री शोधत येणारा माणूस विरळाच, म्हणजे गिऱ्हाईक आपणच आणायचं आणि दर मात्र त्यांचा. माझ्या हातात एका प्रिंटमागे साधारण सहाशे रुपये उरत होते पण घेणाऱ्याला तीच प्रिंट बाहेरून पाठवण्याच्या खर्चासकट तीन हजाराच्या पुढे पडायची. आज मी 12 बाय 18 इंचाची लस्टर, म्हणजे हलकी चमक असलेल्या कागदावरची प्रिंट नऊशेला देतो, लॅब, पॅकिंगची नळी, पोस्ट सगळं धरून तीनशेच्या आसपास जातात, हातात तेच सहाशे. पैसेही लगेच यूपीआयने येतात. साइटचे पैसे परतीची मुदत संपल्यावर डॉलरमध्ये यायचे आणि रुपये होईपर्यंत त्यातून अजून काहीतरी कापलं जायचं.

तरी साइट सोडली ती पैशासाठी नाही. कारण वेगळं आहे आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण निवड करताना हे कोणी सांगत नाही.

माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. तिथला माझा एक फोटो आहे, आडवा. मागे वारकऱ्यांची भिंत, वर पताका, मधोमध स्वाराचा अश्व आणि फ्रेमच्या अगदी डाव्या कडेला पुढे निघालेला माउलींचा अश्व, ज्याच्यावर कोणी बसत नाही तो. ज्यांनी रिंगण बघितलंय त्यांना कळेल की सगळ्यांची नजर त्या मोकळ्या पाठीच्या घोड्यावर असते, फोटो त्याचाच आहे. तो चौथ्या वर्षी मिळाला मला, आधीची तीन वर्षं धूळ आणि पुढच्या माणसाचा वर केलेला मोबाइल.

हा फोटो साइटवरून एकाने घेतला. कोणी घेतला मला माहीत नाही, साइट फक्त शहर सांगते. चार महिन्यांनी त्या माणसाने मला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं आणि भिंतीवर लावलेल्या फ्रेमचा फोटो पाठवला, खाली अगदी सभ्यपणे लिहिलं होतं की छान आहे, फक्त डावीकडच्या घोड्याचं तोंड जरा कापलं गेलंय का?

जरा नाही, डोळ्यापासून पुढे सगळं गेलं होतं. झालं असं की आपल्या कॅमेऱ्याच्या फोटोचं लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2, 12 बाय 18 मध्ये फोटो जसाच्या तसा बसतो आणि मी प्रिव्ह्यू त्याच मापाचा बघितला होता. घेणाऱ्याने मागवली 16 बाय 20. सोळा इंच उंचीला हा फोटो पूर्ण यायचा तर रुंदी चोवीस लागते, कागद वीसचा, म्हणजे चार इंच गेले, दोन्हीकडून दोन-दोन. प्रत्येक मापाचा क्रॉप, म्हणजे कडेचं किती कापलं जातंय ते, वेगवेगळा तपासायचा असतो हे मला आता माहिती आहे, ती चूक माझीही होतीच. पण छापणाऱ्या मशीनसमोर एक जरी माणूस उभा असता आणि त्याने बघितलं असतं तर घोड्याचं तोंड कापून प्रिंट पाठवली नसती. आणि मला गिऱ्हाइकाचा नंबर माहीत असता तर दुसऱ्याच दिवशी दुसरी काढून पाठवली असती. माझ्या नावाची प्रिंट कोणाच्या तरी दिवाणखान्यात चार महिने लागलेली आहे आणि ती मी एकदाही डोळ्याने बघितलेली नाही, हे मला सहन झालं नाही. पुण्यात नीट काढून त्यांना पाठवली, पैसे घेतले नाहीत.

स्वतः करण्यात कष्ट आहेत, ते लपवत नाही. पहिल्या दोन-तीन प्रिंट लॅबमधून काळपट आल्या, कारण माझ्या स्क्रीनचा ब्राइटनेस नेहमी फुल, त्यामुळे फोटो होता त्यापेक्षा उजळ दिसायचा. आता तो निम्म्यावर ठेवून एडिट करतो, फाइल एसआरजीबी या रंगांच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये देतो आणि काउंटरवर तोंडाने सांगतो की नो करेक्शन, कारण ऑटो करेक्शनमध्ये भगव्याचा नारिंगी होतो आणि पताका लग्नाच्या मांडवासारख्या दिसायला लागतात. फाइल व्हॉट्सअपवर फोटो म्हणून कधीच पाठवायची नाही, डॉक्युमेंट म्हणून किंवा सरळ पेन ड्राइव्ह. 24 मेगापिक्सेलवाल्याने 12 बाय 18 ची काळजीच करू नये, 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर, 5400 बाय 3600 पिक्सेल लागतात, आपल्याकडे 6000 बाय 4000 असतात. कॉटन रॅगवरची, म्हणजे सुती कागदावरची वर्षानुवर्षं टिकणारी आर्काइव्हल प्रिंट खूप सुंदर येते पण मला साध्या लस्टरच्या सात-आठपट पडते, ती फक्त कोणी मागितली तरच काढतो, आधी काढून घरी ठेवायची नाही, आपल्याकडच्या पावसाळी हवेत कागद वाकतो.

पॅकिंगसाठी आधी मी ऑनलाइन नळ्या मागवायचो, महाग पडायच्या. मग कळलं की फ्लेक्सवाल्याकडे व्हिनाइलच्या रोलची पुठ्ठ्याची नळी रिकामी पडलेली असते, जाड, तीन इंची, वाकत नाही. वीस रुपयात देतो तो, कधी कधी तशीच देतो. करवतीने कापायची, प्रिंटवर बटर पेपर, छापील बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायची, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची चकती आणि भरपूर टेप. आत्तापर्यंत साठेक पाठवल्या स्पीड पोस्टने, दोन चेपल्या, त्या बदलून दिल्या. या सगळ्यात आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जातात, तेवढा वेळ नसेल तर साइटच बरी, हे मनापासून सांगतो.

गिऱ्हाईक कुठून येतं हा खरा प्रश्न. दीड हजार रुपये घालून एकदा पोस्ट बूस्ट केली होती, लाइक आले, विचारणा तीन, विक्री शून्य. त्यापेक्षा ज्या गावचा फोटो त्या गावच्या माणसाला दाखवणं मला जास्त उपयोगी पडलं. साताऱ्याचा माणूस पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतो, वास्तुशांत होते, समोरची भिंत मोकळी असते, त्याला स्वित्झर्लंड नको असतं, त्याला अजिंक्यतारा नाहीतर आपल्या गावचा घाट पाहिजे असतो. तालुक्याच्या फेसबुक ग्रुपमध्ये अ‍ॅडमिनला विचारून महिन्यातून एक फोटो टाकतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले आले तेव्हा प्रतापगड आणि राजगडच्या फोटोंना अचानक विचारणा सुरू झाली, त्या दोन आठवड्यांत नऊ गेल्या. एका होमस्टेवाल्याला दोन प्रिंट फुकट दिल्या, फ्रेमच्या खाली छोटा क्यूआर कोड लावला, तिथून अजूनही ऑर्डर येतात.

आणि पोस्टमध्ये नुसता फोटो टाकण्यापेक्षा भिंतीवर लावलेली प्रिंट टाका, शेजारी खुर्ची वगैरे दिसली पाहिजे म्हणजे मापाचा अंदाज येतो. किंमत तिथेच लिहा. किमतीसाठी इनबॉक्स करा म्हटलं की माणूस पुढे जातो, मी स्वतःही जातो. ओरिजिनल फाइल पाठवा आम्ही इकडे प्रिंट काढून घेऊ असं म्हणणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणायचं.

एक अडचण मात्र खरी आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात पाठवायचं म्हटलं की उलाढाल कितीही कमी असली तरी लागते. तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या. मी नोंदणी केलेली नाही म्हणून राज्याबाहेर पाठवत नाही, बाहेरच्यांना आणि परदेशातल्या आपल्या लोकांना साइटचीच लिंक देतो. तुमचे घेणारे मुख्यतः बाहेरचे असतील तर तुमच्यासाठी हिशोब उलटा होऊ शकतो. एट्सी या परदेशी विक्रीच्या साइटवर मी गेलो नाही, तिथे एका लिस्टिंगला 20 सेंट आणि विक्रीवर साडेसहा टक्के जातात, शिवाय पाठवायचं आपणच, म्हणजे दोन्हीकडचे कष्ट एकत्र. स्वतःची वेबसाइट महिन्याला पाच-सहा प्रिंट विकणाऱ्याला एवढ्यात नको असं माझं मत.

त्यामुळे साइटवर माझे चार फोटो अजून आहेत, प्रत्येक मापाचा क्रॉप बघून ठेवलेले. रिंगणाचा मात्र काढून टाकला. बंगळुरूच्या एक ताई आठ महिने तोच मागत होत्या, त्यांना म्हटलं दिवाळीला माहेरी याल तेव्हा घेऊन जा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घरी आल्या, नळीतून काढून टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि त्यांनी आधी डावीकडे बघितलं.