हेल्मेटमधील द्विनेत्री डिस्प्ले : चित्रे पूर्ण जुळवावीत की अंशतः?

वैमानिकाच्या हेल्मेटमध्ये दोन्ही डोळ्यांसाठी डिस्प्ले बसवायचा म्हटले की दोन मार्ग समोर येतात. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र पूर्णपणे दाखवता येते, किंवा दोन चित्रांचा फक्त मधला भाग समाईक ठेवून कडांना जादा रुंदी मिळवता येते. या दोन्ही मांडण्या मी तासन्‌तास डोक्यावर वागवल्या आहेत.

कागदावर अंशतः जुळणीच सरस वाटते. प्रत्येक डोळ्याला 40 अंशांचे चित्र देऊन मध्ये 25 अंश समाईक ठेवले, तर एकूण रुंदी 55 अंश होते. एका डोळ्याचे 1280 पिक्सेल 40 अंशांतच राहत असल्याने दर अंशाला 32 पिक्सेल कायम राहतात. तेच पिक्सेल 55 अंशांवर ताणले, तर जेमतेम 23 उरतात. भिंगेही मोठी करावी लागत नाहीत, त्यामुळे मानेवरचा भार वाढत नाही.

माझे मत फिरले ते सांध्यामुळे. समाईक भाग जिथे संपतो, तिथे एका डोळ्याला चित्र दिसत असते आणि दुसऱ्याला त्याच जागी स्वतःच्या चित्राची काळी कड दिसते. मेंदू कधी या डोळ्याचे ऐकतो, कधी त्या डोळ्याचे, आणि दोन्ही बाजूंना चंद्रकोरीच्या आकाराची गडद, लुकलुकती सावली उभी राहते. क्षितिजाची बारीक रेघ त्या सावलीपाशी पुसट व्हायची आणि पापणी लवली की परत यायची. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आले की कडेची वस्तू पाहायला मी डोळे नव्हे, तर मानच वळवत होतो, म्हणजे मिळवलेली रुंदी वापरातच येत नव्हती. उजव्या डोळ्याला डावीकडचा जादा भाग आणि डाव्याला उजवीकडचा देणाऱ्या अभिसारी मांडणीत ही सावली बरीच फिकी झाली. मात्र माझ्या डोळ्यांपुरती ती पुरती गेली नाही.

पूर्ण जुळणीत क्षेत्र अरुंद राहते, हे मान्य करायलाच हवे. चित्रे वरखाली सरकलेली असली तर डोळे ती ओढ फार थोडी सोसतात, आणि इथे ती जुळणी कडेपर्यंत सांभाळावी लागते. पण एक बाजू बंद पडली, तरी दुसऱ्या डोळ्यासमोर संपूर्ण चित्र उरते.

रात्री कमी उंचीवरून उडताना बाजूची जमीन दिसणे ज्यांना अत्यावश्यक आहे, त्यांना कदाचित ती सावली चालून जाईल. हेल्मेट दीर्घकाळ घालून बारीक चिन्हे वाचायची असतील, तर मी पूर्ण जुळणीकडेच झुकेन. ठरवण्यापूर्वी निदान अर्धा तास हेल्मेट घालावे, नंतर एक बारीक उभी रेघ पडद्यावर संथपणे आडवी सरकवावी आणि सांध्यापाशी ती कशी दिसते ते पाहावे.