हिंसा करणाऱ्या नवऱ्यांचा गट: ड्युलुथ, कॅलिफोर्निया, ब्रिटन की आपलं कलम 14?

पुण्यातली एखादी संस्था बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना बदलण्यासाठी असा गट सुरू करायला निघाली की पहिला वाद बैठकांच्या संख्येवर होतो. तिथूनच सुरुवात करू, कारण आकडे उघड आहेत.

या चारांत अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा कायदा सगळ्यांत कडक. दर आठवड्याला 2 तास, असे 52 आठवडे, आणि सगळं 18 महिन्यांत संपवायचं. सबळ कारण असलं तरी दांड्या जास्तीत जास्त 3. गटात स्त्री-पुरुष एकत्र नाहीत, नवरा-बायकोचं एकत्र समुपदेशन त्यात चालत नाही. अमेरिकेतल्याच ड्युलुथ शहरात 1980च्या दशकात घडलेला अभ्यासक्रम आता साधारण 27 आठवड्यांचा आहे. ‘राग अनावर झाला’ ही सबब तो मोडून काढतो आणि सत्ता नि नियंत्रण यांवर बोट ठेवतो. बॉसवर न निघणारा राग घरी मात्र नेमका निघतो, हे गटातल्या माणसांना पहिल्या महिन्यात पटत नाही, म्हणून लांबी लागते.

आता आपल्याकडे. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 14 खाली न्यायदंडाधिकारी समुपदेशनाला पाठवू शकतात, पण पुढची तारीख 2 महिन्यांच्या आत द्यावी लागते. म्हणजे हातात फार तर 8 बैठका. त्यात 52 आठवडे कोंबता येत नाहीत, आणि 8 बैठकांना पूर्ण कार्यक्रम म्हणणं ही फसवणूक. उपाय एवढाच: 8 बैठकांचा टप्पा हा ‘प्राथमिक तपासणी’ म्हणून लिहायचा आणि पुढच्या टप्प्यांसाठी दर तारखेला नवा आदेश मागायचा.

तरी आपला कायदा एका बाबतीत खणखणीत आहे. याच कायद्याखालच्या 2006च्या नियमांतल्या नियम 14 नुसार सामनेवाल्याला (म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला) समुपदेशनात हिंसेचं समर्थन करता येत नाही, आणि हे त्याला कामकाज सुरू होण्यापूर्वी सांगावं लागतं. ‘तिनेच उलट उत्तर दिलं’ इथेच थांबतं. पुन्हा हिंसा करणार नाही, अशी हमीही घ्यायची असते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हे बाजूला पडतं आणि ‘नांदवायचं’ हेच ध्येय होतं. ती माघारी गेली की केस यशस्वी! या मोजमापाने चालणारा गट सुरूच करू नये.

इथे ब्रिटनचा आराखडा उजवा ठरतो. तिथल्या गृहखात्याने 2023 मध्ये 7 मानकं दिली; पहिलं म्हणजे पीडितांची सुरक्षितता आणि मोकळीक हेच मुख्य फलित. तिथलीच रिस्पेक्ट ही संस्था कार्यक्रमांना मान्यता देते ती बायकोसाठी किंवा आधीच्या जोडीदारासाठी जोडलेली आधारसेवा असेल तरच. कारण सरळ आहे: नवरा गटात बसलाय म्हणून ती निर्धास्त होते, आणि धोका वाढला तरी कुणाला कळत नाही.

म्हणून आठवडे ठरवण्याआधी हे लिहून काढा. तिला फोन कोण करणार? गट चालवणारा नव्हे, वेगळी कार्यकर्ती. कोणत्या वेळी? ती सांगेल त्या. फोन त्याच्या हातात असू शकतो, म्हणून संस्थेचं नाव घेऊन बोलायला सुरुवात करायची नाही. तिने सांगितलेलं गटात त्याच्या तोंडावर फेकलं, तर मार घरी तिलाच. मात्र त्याने नवी धमकी दिली, तर ती गुप्त ठेवायची नाही. हे त्याच्याकडून पहिल्याच दिवशी सहीनिशी मान्य करून घ्यायचं.

कोर्टाच्या अहवालात हजेरी, दांड्या, नव्या घटना. ‘सुधारला’ हा शब्द नको. तो कागद पुढे मुलांच्या ताब्याच्या दाव्यात दाखल होतो.

वेळही इथलीच हवी. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत गुरुवारची सुट्टी असते, हिंजवडीच्या आयटीवाल्यांना शनिवार-रविवार सोयीचा. एकच वार ठेवला की दांड्यांची शिस्त पहिल्याच महिन्यात मोडते. दारू सोडवणं वेगळीकडे, समांतर. बाटली सुटली तरी हात सुटतोच असं नाही.

आमची निवड: पाया नियम 14चा, बायकोच्या सुरक्षेची मांडणी ब्रिटनची, विषयक्रम ड्युलुथचा. कॅलिफोर्नियाकडून दांड्यांची मर्यादा तेवढी घ्यावी. आणि स्त्रियांसाठी वेगळी कार्यकर्ती नेमायला पैसे नसतील, तर गट पुढे ढकलावा.